सहीच्या आधीचा वाद : भारत, अणुऊर्जा आणि समान नियमांची मागणी

आंतरराष्ट्रीय सहकार्याविषयी दोन मते आपल्याकडे वारंवार ऐकू येतात. पहिले असे की राष्ट्रे केवळ स्वार्थ पाहतात. शांतता, समता, मानवता हे शब्द व्यासपीठापुरते असतात. दुसरे असे की काही राष्ट्रे, आणि त्यांत आपले राष्ट्र विशेषत्वाने, तत्त्वासाठी उभी राहतात. दोन्ही मते सोयीची आहेत, कारण दोहोंसाठी करारांचे मसुदे वाचण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

मसुदे वाचू लागले की चित्र गुंतागुंतीचे होते. एखाद्या देशाने कोणत्या कलमावर अडवणूक केली, त्या वेळी त्याच्या प्रयोगशाळांत आणि खाणींत काय होते, आणि सही केल्यावर किंवा नाकारल्यावर पुढची वीस-तीस वर्षे तो कसा वागला, या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्या लागतात. भारताच्या अणुऊर्जेचा इतिहास या अभ्यासासाठी फार उपयुक्त आहे. १९५७ मध्ये अस्तित्वात आलेल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या उभारणीत ज्या देशाने मोठा वाटा उचलला, त्याच देशाने १९६८ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करार, म्हणजे एनपीटी, नाकारला. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही वेळी भारताचा आक्षेप एकच होता, आणि त्या आक्षेपात हित व मूल्य इतके मिसळलेले होते की ते वेगळे करणे त्या काळातील माणसांनाही अवघड गेले असते.

जिनिव्हा, ऑगस्ट १९५५

८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 'शांततेसाठी अणू' ही कल्पना मांडली. अणुज्ञान जगाबरोबर वाटून घ्यावे, विखंडनक्षम पदार्थ एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडे ठेवावेत आणि ते शेती, वैद्यक व वीज यांसाठी वापरावेत, असा तिचा आशय होता. ही उदारता अचानक कुठून आली? अवघ्या सात वर्षांपूर्वी, १९४६ मध्ये, याच अमेरिकेने असा कायदा केला होता की ज्या ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी पहिला बॉम्ब बनवण्यात हातभार लावला, त्यांनाही अणुमाहिती देणे बंद झाले.

मधल्या काळात गुप्ततेचा आधारच ढासळला होता. सोव्हिएत संघाने १९४९ मध्ये आणि ब्रिटनने १९५२ मध्ये अणुस्फोट केला. जे लपत नाही, ते राखून ठेवण्यापेक्षा आपल्या अटींवर वाटावे आणि त्याबरोबर तपासणीचा हक्क मिळवावा, हा अमेरिकेचा हिशोब होता. तरीही त्या भाषणातील शांततेची आकांक्षा खोटी होती असे म्हणता येणार नाही. हिशोब आणि आकांक्षा या वेळी एकाच दिशेने चालल्या, इतकेच.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ७० हून अधिक देश तेथे आले. अध्यक्षस्थानी होते होमी भाभा. त्या परिषदेत युरेनियमच्या केंद्रकाचे न्यूट्रॉनच्या आघाताने विखंडन होण्याची शक्यता किती, हे सांगणारे आकडे प्रथमच खुलेपणाने समोर ठेवले गेले. वेगवेगळ्या देशांनी एकमेकांपासून लपवून, वेगवेगळ्या उपकरणांनी केलेली ती मोजमापे परस्परांशी उत्तम जुळली. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा. निसर्गाचे आकडे कोणत्याही देशाचे नसतात. ते गुप्त ठेवून काही वर्षांची आघाडी तेवढी मिळते.

भाभांनी आपल्या अध्यक्षीय भाषणात एक भाकीतही केले. हायड्रोजनच्या संमीलनातून, म्हणजे फ्यूजनमधून, नियंत्रित ऊर्जा मिळवण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल, असे ते म्हणाले. त्या भाकिताकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

एका कलमावरचा वाद

परिषदेतील सौहार्द संस्थेच्या घटनेचा मसुदा समोर येईपर्यंत टिकले. सप्टेंबर-ऑक्टोबर १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या घटनेवर चर्चा झाली. सर्वांत तीव्र वाद तपासणीच्या, म्हणजे सेफगार्ड्सच्या, कलमांवर झाला आणि त्यात आघाडीवर भारत होता. त्याचे कारण कळण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र हवे.

नैसर्गिक युरेनियममध्ये सहज विखंडन पावणारे युरेनियम-२३५ केवळ ०.७ टक्के असते. उरलेले जवळजवळ सगळे युरेनियम-२३८. त्याने न्यूट्रॉन शोषला की काही दिवसांत त्याचे प्लुटोनियम-२३९ होते, आणि ते पुन्हा इंधन म्हणून वापरता येते. भारताकडे युरेनियम मर्यादित. परंतु केरळ, तामिळनाडू आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट वाळूत थोरियम विपुल आहे. थोरियम स्वतः इंधन नव्हे. त्याने न्यूट्रॉन शोषल्यावर त्याचे युरेनियम-२३३ बनते आणि ते इंधन ठरते. म्हणजे थोरियमचा उपयोग करायचा तर आधी न्यूट्रॉन पुरवणारे दुसरे कोणतेतरी इंधन हाती हवे. भाभांनी १९५४ मध्ये मांडलेला तीन टप्प्यांचा कार्यक्रम यावरच उभा होता. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम व जड पाणी वापरणाऱ्या अणुभट्ट्यांतून वीज आणि प्लुटोनियम. दुसऱ्या टप्प्यात त्या प्लुटोनियमवर चालणाऱ्या ब्रीडर अणुभट्ट्या. तिसऱ्या टप्प्यात थोरियमपासून मिळालेले युरेनियम-२३३. या साखळीतील मधली कडी प्लुटोनियमची आहे. ती तुटली तर किनाऱ्यावरचे थोरियम वाळूतच राहील.

घटनेच्या मसुद्यात असे होते की संस्थेच्या मदतीने मिळालेल्या इंधनापासून जे प्लुटोनियम तयार होईल त्याच्या पुनर्प्रक्रियेवर संस्थेची मान्यता लागेल आणि अतिरिक्त साठा संस्थेकडे जमा करावा लागेल. तपासणी केवळ मूळ मालावर थांबणार नव्हती. त्या मालापासून पिढ्यान्‌पिढ्या जे निर्माण होईल त्याच्या मागे ती जाणार होती. भारताच्या कार्यक्रमाची मधली कडीच त्यामुळे दुसऱ्याच्या कुलपात गेली असती.

भाभांनी हा आक्षेप केवळ भारताच्या सोयीचा म्हणून मांडला नाही. त्यांनी तो समतेचा प्रश्न म्हणून मांडला. ज्यांना बाहेरच्या मदतीची गरज आहे तेच देश तपासणीखाली येतील. ज्यांच्याकडे स्वतःचे युरेनियम, स्वतःचे कारखाने आणि स्वतःचे बॉम्ब आहेत ते मोकळे राहतील. जगाची दोन वर्गांत विभागणी होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांना हा युक्तिवाद मनापासून पटला.

शेवटी तडजोड झाली. शांततामय संशोधनासाठी व अणुभट्ट्यांसाठी जेवढे लागेल तेवढे प्लुटोनियम देशाने तपासणीखाली स्वतःजवळ ठेवावे, त्याहून अधिक असेल तेवढेच जमा करण्याची मागणी संस्थेला करता यावी, असे ठरले. २३ ऑक्टोबर १९५६ रोजी घटना संमत झाली आणि २९ जुलै १९५७ पासून ती अमलात आली. संस्थेच्या नियामक मंडळात आपापल्या विभागात अणुतंत्रज्ञानात सर्वांत पुढे असलेल्या देशाला स्थान देण्याची तरतूद झाली, आणि त्यानुसार दक्षिण आशियातून भारताला जागा मिळाली. भारत त्या मंडळावर आजतागायत आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्या प्लुटोनियमसाठी हा वाद झाला त्याचा बॉम्बही होतो, हे भाभांना अर्थातच ठाऊक होते. चीनने १६ ऑक्टोबर १९६४ रोजी पहिला अणुस्फोट केल्यानंतर आठच दिवसांनी आकाशवाणीवरून बोलताना त्यांनी जागतिक निःशस्त्रीकरणाचा आग्रह धरला आणि त्याच भाषणात दहा किलोटन शक्तीच्या स्फोटाचा खर्च सुमारे १७.५ लाख रुपये येईल असा हिशोबही दिला. भविष्याची दारे उघडी ठेवणे हेही त्या समतेच्या मागणीमागचे हित होते. त्यामुळे समतेचा युक्तिवाद खोटा ठरत नाही. तो किती निर्मळ होता याविषयी मात्र भाबडेपणा नको.

चाचण्या थांबवा, पण सर्वांनी

मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर पडली. त्यानंतर महिनाभरातच, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या तूर्त थांबवण्याचा करार व्हावा अशी मागणी केली. चाचणीबंदीची ही जगातील आरंभीच्या मागण्यांपैकी एक. १९६३ मध्ये वातावरणातील, पाण्याखालील व अवकाशातील चाचण्यांवर बंदी घालणारा मर्यादित करार झाला, तेव्हा भारताने विनाविलंब सही केली.

१९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने प्रसारबंदी करारासाठी काही तत्त्वे ठरवली. अण्वस्त्रधारी आणि बिगर-अण्वस्त्रधारी देशांच्या जबाबदाऱ्यांत मान्य होण्याजोगा समतोल असावा, हे त्यांतील एक महत्त्वाचे तत्त्व. ही तत्त्वे पुढे आणण्यात भारतासह अलिप्त देशांचा पुढाकार होता. १९६८ मध्ये जो करार प्रत्यक्षात आला त्यात मात्र १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेले पाच देश अण्वस्त्रधारी म्हणून मान्य झाले आणि बाकीच्यांनी तो मार्ग कायमचा सोडावा असे ठरले. पाच देशांच्या निःशस्त्रीकरणासाठी कालमर्यादा नव्हती. सद्भावनेने वाटाघाटी करण्याचे आश्वासन होते. तपासणी पुन्हा एकाच बाजूवर.

जून १९६८ मध्ये आमसभेतील मतदानात भारताने विरोधात मत दिले नाही. तो तटस्थ राहिला. करारावर सही मात्र केली नाही. १९५६ मध्ये भाभांनी वर्तवलेली दोन वर्गांची व्यवस्था आता अधिकृत झाली होती. भाभा हे पाहायला नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी, अणुऊर्जा संस्थेच्याच बैठकीसाठी व्हिएन्नाला जात असताना, माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला होता.

तत्त्वाच्या बाजूने हा नकार भक्कम होता. त्याचबरोबर चीनचा बॉम्ब उत्तरेला होता, आणि भारताच्या सुरक्षिततेची हमी घेण्यास कोणतीही महासत्ता ठोसपणे तयार नव्हती. चीनने १९६४ मध्ये स्फोट केला नसता तर भारताने सही केली असती का, याचे उत्तर इतिहास देत नाही. एवढे निश्चित म्हणता येते की त्या स्फोटानंतर नकार देणे अधिक सोपे, आणि सही करणे देशांतर्गत राजकारणात फार महाग झाले.

इतरांचे हिशोब

हा प्रकार केवळ भारताचा नव्हता. १९५६ मध्ये सेफगार्ड्सना विरोध करताना सोव्हिएत संघ भारताच्या बाजूला होता. १९६० च्या दशकात चीनशी त्याचे बिनसले, पश्चिम जर्मनीच्या हाती अण्वस्त्रे जातील ही भीती बळावली, आणि तोच सोव्हिएत संघ अमेरिकेबरोबर एनपीटीचा मसुदा लिहू लागला. तत्त्व बदलले नव्हते. धोका कुठून येणार याचा अंदाज बदलला होता.

फ्रान्सचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. अण्वस्त्रधारी म्हणून मान्यता असूनही त्याने १९९२ पर्यंत एनपीटीत प्रवेश केला नाही. परंतु १९७५ मध्ये अणुसाहित्याच्या निर्यातीवर निर्बंध घालण्यासाठी सात देश लंडनमध्ये एकत्र आले, त्यांत फ्रान्स होता. ज्या नियमावलीवर सही नाही, तिच्या उद्दिष्टासाठी तो इतरांवर नियम लादण्यास तयार होता.

त्या बैठकीचे कारण होते भारत.

नकाराची किंमत

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने भूमिगत अणुस्फोट केला. त्यासाठीचे प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतून आले होते. ही अणुभट्टी कॅनडाने दिलेली, तिच्यातील जड पाणी अमेरिकेचे. १९५६ मध्ये तिचा करार झाला तेव्हा आंतरराष्ट्रीय तपासणी व्यवस्था अस्तित्वातच नव्हती. शांततामय उपयोगाचे वचन तेवढे होते. भारताने स्फोटाला शांततामय म्हटले. कॅनडाने ते मानले नाही आणि सहकार्य थांबवले. लंडनमध्ये जमलेल्या सात देशांचा पुढे अणुपुरवठादार गट, म्हणजे एनएसजी, झाला.

याची झळ प्रत्यक्ष कामाला बसली. राजस्थानातील रावतभाटा येथील दुसरी अणुभट्टी कॅनडाच्या मदतीने व्हायची होती. ती भारतीय अभियंत्यांना स्वतःच्या बळावर पुरी करावी लागली आणि १९८१ मध्ये ती सुरू झाली. जड पाण्यासाठी मित्रराष्ट्र असलेल्या सोव्हिएत संघाकडे जावे लागले, तर त्यानेही तपासणीची अट घातली. पुढची तीन दशके उपकरणे, सुटे भाग आणि इंधन या सर्वांवर निर्बंध राहिले. निर्बंधांमुळे स्वावलंबन आले हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. परंतु जी गोष्ट जगात कुठेतरी तयार मिळत होती ती पुन्हा घडवण्यात किती वर्षे आणि किती माणसांची उमेद खर्च झाली, तोही या हिशोबाचा भाग आहे.

याच काळातील तारापूरची कथा वेगळी आहे आणि ती कमी सांगितली जाते. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. १९६३ च्या करारानुसार त्यांचे समृद्ध युरेनियम अमेरिकेकडूनच यायचे होते, आणि त्या बदल्यात भारताने त्या तपासणीखाली ठेवल्या होत्या. १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा केला : ज्या देशाचे सर्व अणुप्रकल्प तपासणीखाली नाहीत त्याला इंधन नाही. आधीचा करार तीस वर्षांचा होता, तरी पुरवठा अडला. १९८२ मध्ये फ्रान्सने ती जबाबदारी घेतली. नंतर चीन व रशिया यांच्याकडूनही इंधन आले.

समोरच्याने शब्द मोडला म्हणून आपण तपासणी नाकारावी, असे म्हणायला भारताला जागा होती. भारताने तसे केले नाही. मूळ करार १९९३ मध्ये संपल्यावरही तारापूर तपासणीखालीच राहिले. यात तत्त्व होते : ज्यावर सही केली ते पाळायचे, आणि जे पाळता येणार नाही त्यावर सही करायची नाही. यात हितही होते : तपासणी नाकारली असती तर फ्रान्सचे इंधनही आले नसते. पण पुढे २००८ मध्ये भारताची बाजू मांडताना भारताचा हा लौकिक कामी आला.

२००८ : नियमाला अपवाद

१९९३ मध्ये सर्वंकष चाचणीबंदी करारासाठीच्या ठरावाचा भारत सहप्रस्तावक होता. १९९६ मध्ये मसुदा तयार झाला तेव्हा भारताने जिनिव्हात त्याला अडवले. सप्टेंबरमध्ये आमसभेत १५८ विरुद्ध ३ मतांनी तो संमत झाला आणि त्या तिघांत भारत होता. मधल्या काळात, १९९५ मध्ये, एनपीटीला अनिश्चित काळासाठी मुदतवाढ मिळाली होती. पाच देशांची अण्वस्त्रे जणू कायम झाली, असा भारताने त्याचा अर्थ लावला. मे १९९८ मध्ये पोखरण येथे पुन्हा स्फोट झाले. त्यानंतर भारताने स्वेच्छेने चाचणीबंदी जाहीर केली आणि ती पाळली.

२००५ ते २००८ या वर्षांत अमेरिकेबरोबरच्या नागरी अणुकराराची वाटाघाट झाली. भारताने आपले नागरी आणि लष्करी प्रकल्प वेगळे केले आणि १४ अणुभट्ट्या तपासणीखाली आणण्याचे मान्य केले. ब्रीडर कार्यक्रम मात्र बाहेर ठेवला. १९५६ मधील ती मधली कडी भारताने बावन्न वर्षांनंतरही हातची सोडली नाही. ६ सप्टेंबर २००८ रोजी एनएसजीने भारतासाठी आपल्या नियमाला अपवाद केला. त्या सुमारास युरेनियमच्या टंचाईमुळे आपल्या अणुभट्ट्या जवळपास निम्म्या क्षमतेवर चालत होत्या, हे लक्षात घेतले की हिताची बाजू स्पष्ट होते. पुढे २०१५ मध्ये, ज्याने १९७४ नंतर प्रथम पाठ फिरवली त्या कॅनडाबरोबरही युरेनियम खरेदीचा करार झाला.

अमेरिकेला चीनच्या तुलनेत भारत हवा होता, फ्रान्स आणि रशियाला अणुभट्ट्या विकायच्या होत्या. ज्या लहान देशांनी एनपीटी प्रामाणिकपणे पाळला होता त्यांनी आक्षेप घेतले आणि शेवटी ते दबावाखाली मागे घेतले. त्यांचा प्रश्न साधा होता : नियम सर्वांना समान असावा असे तुम्हीच चाळीस वर्षे म्हणत होता, मग तुमच्यासाठी अपवाद का? हा प्रश्न भारताच्याच भाषेतला होता.

समान भागीदारी कशी दिसते

याच काळात आणखी एक दार उघडले. डिसेंबर २००५ मध्ये भारत ईटर प्रकल्पाचा सातवा भागीदार झाला. फ्रान्सच्या दक्षिणेला, कादाराश येथे उभे राहत असलेले हे संमीलनाचे यंत्र. भाभांच्या १९५५ च्या भाकिताचे आजचे रूप. त्या भाकिताची दोन दशके केव्हाच उलटली आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार ईटरवरील संशोधनाचा आरंभ २०३४ मध्ये अपेक्षित आहे.

ईटरची रचना पाहण्यासारखी आहे. भागीदार बहुतांश वाटा पैशाच्या रूपात देत नाहीत. ते यंत्राचे भाग स्वतःच्या देशात बनवून पाठवतात. युरोपीय संघाचा वाटा सुमारे ४५ टक्के, भारतासह उरलेल्या सहांचा प्रत्येकी सुमारे ९ टक्के. निर्माण होणाऱ्या ज्ञानावर मात्र सर्वांचा हक्क आहे. साऱ्या यंत्राला वेढणारे साडेतीन हजारांहून अधिक टन वजनाचे क्रायोस्टॅट हे पोलादी पात्र भारताने दिले. त्याचे भाग गुजरातमधील हजिरा येथे बनले. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे या कामाची धुरा आहे.

इथेही हित सुटलेले नाही. १९८५ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्या जिनिव्हा भेटीतून निघालेल्या या प्रकल्पातून अमेरिका १९९८ मध्ये पैशांच्या कारणाने बाहेर पडली आणि २००३ मध्ये परतली. युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतर सर्न प्रयोगशाळेने मूल्यांच्या आधारावर रशियाबरोबरचे सहकार्य नोव्हेंबर २०२४ मध्ये संपवले. ईटरमध्ये रशिया आजही भागीदार आहे, आणि त्याने बनवलेले महाकाय चुंबकीय वेटोळे २०२३ मध्ये कादाराशला पोहोचले. सर्नमध्ये रशिया निरीक्षक होता, त्याला वगळूनही यंत्र चालते. ईटरमध्ये तो सहसंस्थापक आहे, त्याचा भाग काढला तर यंत्रच अपुरे राहते. एकाच युद्धाकडे पाहणाऱ्या दोन संस्थांनी वेगळे निर्णय घेतले, ते त्यांच्या रचनेमुळे.

कसोटी

या सर्वांतून मला एक निष्कर्ष काढावासा वाटतो. ज्या नियमाच्या लेखनात आपला हात आहे आणि जो नियम आपले भविष्य बंद करत नाही, त्या नियमाला राष्ट्र दीर्घकाळ बांधून घेते. अणुऊर्जा संस्थेच्या मंडळावर भारत टिकला, तारापूरची तपासणी टिकली, ईटरमधील भागीदारी टिकली. एनपीटी मात्र भारताला कधीच आपला वाटला नाही. ही मागणी हितातून जन्मते. मूल्ये तिला भाषा देतात. आणि भाषा एकदा उच्चारली की ती बोलणाऱ्यालाही लागू होते.

ही कसोटी जुलै २०१७ मध्ये भारतापुढे आली. संयुक्त राष्ट्रांत १२२ देशांनी अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा करार संमत केला. त्यात दोन वर्ग नाहीत, पाच जणांसाठी सवलत नाही. १९६८ मध्ये भारताने ज्या समतेची मागणी केली होती तिच्या तो कितीतरी जवळ आहे. भारताने त्या वाटाघाटींत भाग घेतला नाही. जिनिव्हाची निःशस्त्रीकरण परिषद हेच योग्य व्यासपीठ आहे आणि ज्यांच्याकडे अण्वस्त्रे आहेत त्या सर्वांना बरोबर घेऊनच हे साधेल, ही भारताची भूमिका. व्यवहाराच्या दृष्टीने तिच्यात तथ्य आहे. उरलेल्या आठ अण्वस्त्रधारी देशांनीही त्या वाटाघाटींकडे पाठच फिरवली होती. पण १९५६ मध्ये भारत नियमाच्या बाहेर ढकलला जाणारा देश होता. २०१७ मध्ये तो राखून ठेवणारा देश झाला होता. सेफगार्ड्सच्या वादात सोव्हिएत संघाची जागा जशी बदलली, तशी आपलीही बदलली आहे.

याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही. पण त्याची जाण मात्र हवी. २०१६ पासून भारत एनएसजीच्या सदस्यत्वासाठी प्रयत्न करत आहे आणि चीनचा विरोध हा त्यातील मोठा अडथळा आहे. उद्या ते सदस्यत्व मिळाले तर पुरवठ्याचे नियम ठरवणाऱ्यांत आपण असू, आणि एखादा लहान देश आपल्यासमोर भाभांचाच युक्तिवाद घेऊन उभा राहील. त्या वेळी आपण काय म्हणू, हा प्रश्न परराष्ट्र खात्याइतकाच विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचाही आहे. कारण आज प्रयोगशाळेत शिकणाऱ्यांपैकीच कोणीतरी उद्या त्या शिष्टमंडळात तांत्रिक सल्लागार म्हणून बसणार आहे.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक कराराची बातमी वाचाल तेव्हा सहीच्या छायाचित्रावर थांबू नका. भारताचा वाटा पैशाचा आहे की यंत्राच्या भागाचा, निर्मित ज्ञानावर हक्क कोणाचा, मंडळावर मत आहे की केवळ निरीक्षकाची खुर्ची, आणि कोणते कलम शेवटपर्यंत वादात होते, हे शोधा. तो देश त्या करारात किती काळ राहील, याचा अंदाज तुम्हाला त्या चार उत्तरांवरून बांधता येईल.